परदेश प्रवासासाठी अडॅप्टर कोणता घ्यावा? आधी चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा

प्रश्न असा आहे: ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि जपान असा सलग प्रवास आहे. सोबत लॅपटॉप, दोन फोन, कॅमेरा, २००० वॉटचा हेअर ड्रायर आणि वडिलांचं सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून लावतात ते. एकच 'युनिव्हर्सल' अडॅप्टर घेतला तर सगळं भागेल का, आणि घ्यायचा तर कोणता?

विद्युत उपकरणांची सुरक्षा तपासणं हे माझं काम. वितळलेले, काळवंडलेले ट्रॅव्हल अडॅप्टर माझ्या टेबलावर नेहमी येत असतात, आणि ते का जळाले हे उघडून पाहिलं की कारणं तीच ती निघतात. म्हणून नुसतं एखाद्या वस्तूचं नाव सांगून मोकळं होता येत नाही. माझा सल्ला आधी सांगतो: ड्रायर घरीच ठेवा, चार्जिंगसाठी एक चांगला यूएसबी-सी चार्जर घ्या, आणि सगळ्या जगाला पुरणाऱ्या ठोकळ्याऐवजी त्या त्या देशाचा साधा अडॅप्टर किंवा त्या देशाची वायर न्या. आता कारणं.

अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. भिंतीत १०० व्होल्ट असतील तर पलीकडे १०० व्होल्टच येतात, २३० असतील तर २३०. तेव्हा पहिला प्रश्न अडॅप्टरचा नसून तुमच्या उपकरणाचा आहे: त्या देशाचं व्होल्टेज त्याला चालतं का? याचं उत्तर चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'इनपुट' या शब्दापुढे छापलेलं असतं. तिथे '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' (हर्ट्झ म्हणजे विजेच्या दर सेकंदाच्या फेऱ्या) असं असेल तर तो चार्जर जगात जवळपास कुठेही चालेल. फोन, लॅपटॉप आणि कॅमेऱ्याच्या आजच्या चार्जरांवर बहुतेक वेळा हेच असतं. आत येणाऱ्या विजेची तो आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, करतो, ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो आणि बाहेर नेमकं हवं तेवढंच व्होल्टेज देतो. आत १०० येवोत की २४०, बाहेरच्या बाजूला फरक पडत नाही. ५० आणि ६० हर्ट्झचाही नाही, कारण पहिल्याच टप्प्यात त्याची डीसी झालेली असते.

'२२०-२४० व्होल्ट' एवढंच लिहिलेलं असेल तर मात्र ते उपकरण ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमध्ये चालेल, जपानमध्ये नाही. जपानचं व्होल्टेज १००, जगातल्या सर्वांत कमी व्होल्टेजांपैकी एक. अमेरिका आणि कॅनडात १२०, युरोपात २३०. ब्राझीलमध्ये तर शहरागणिक १२७ किंवा २२० असतं आणि सॉकेट दिसायला सारखंच, त्यामुळे तिथे विचारल्याशिवाय काही लावू नये. इलेक्ट्रिक टूथब्रशचं चार्जिंग स्टँड, जुना ट्रिमर, मुलांच्या खेळण्याचा चार्जर या वस्तू नेमक्या एकाच व्होल्टेजच्या निघतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. सामान बांधण्यापूर्वी प्रत्येक चार्जर उलटा करून वाचा. अक्षरं बारीक असतात, फोनने फोटो काढून मोठा करून बघा.

आता ड्रायर. तापणारी कॉइल असलेल्या वस्तूची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टचा २००० वॉटचा ड्रायर जपानमध्ये १०० व्होल्टवर लावला तर तो जेमतेम ३८० वॉटचा उरतो. पंखाही मंदावतो आणि केस काही वाळत नाहीत. उलट दिशेने प्रकरण धोक्याचं आहे. १२० व्होल्टचा ड्रायर २३० ला लावला तर तो साडेतीन पटींहून जास्त वीज ओढतो आणि काही सेकंदांत जळतो. ब्रिटनमध्ये व्होल्टेज जुळतं, पण २००० वॉट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, आणि बहुतेक ट्रॅव्हल अडॅप्टर एवढा प्रवाह सलग वाहायला बनवलेलेच नसतात. अनेकांत ६ अँपिअरचा फ्यूज असतो. माझ्याकडे जळून येणाऱ्या अडॅप्टरांमागे ड्रायर, इस्त्री किंवा किटली यांपैकी काहीतरी बहुधा असतंच. हॉटेलच्या खोलीत ड्रायर असतो, नसला तर मागितल्यावर मिळतो. अगदीच हवा असेल तर दुहेरी व्होल्टेजचा प्रवासी ड्रायर घ्या, पण त्याच्यावर व्होल्टेज बदलायचा खटका असतो आणि देश बदलल्यावर तो फिरवायची आठवण ठेवावी लागते.

इथे 'व्होल्टेज कन्व्हर्टर' नावाच्या वस्तूबद्दल बोलायलाच हवं. हातात मावणारा, हलका, आणि वर '१६०० वॉट' लिहिलेला कन्व्हर्टर दिसला की लोकांना वाटतं प्रश्न सुटला. तो विजेची लाट कापून सरासरी व्होल्टेज खाली आणतो. कॉइलला ते चालतं, इलेक्ट्रॉनिक वस्तूला नाही. त्याच्या माहितीपत्रकात बहुधा तसा इशाराही असतो. लॅपटॉपचा किंवा सीपॅपचा चार्जर त्याला लावू नका. त्या चार्जरला कन्व्हर्टर लागतच नाही. खऱ्या ट्रान्सफॉर्मरची लाट शुद्ध असते, पण १०० वॉटचाही चांगलाच जड भरतो. प्रवासात तो न्यावा लागतोय असं दिसलं तर ज्या वस्तूसाठी न्यायचा ती वस्तूच बदललेली बरी.

व्होल्टेज जुळलं, आता पिना. सॉकेटच्या प्रकारांना ए पासून ओ पर्यंत अक्षरं दिलेली आहेत, पण सगळी पाठ करायची गरज नाही. तुमच्या तीन देशांची नीट समजून घ्या, कारण तिघांच्या खोड्या वेगळ्या आहेत.

ब्रिटनमध्ये टाइप जी: तीन जाड चौकोनी पिना, वरची अर्थची पिन लांब. हाच प्रकार आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग आणि संयुक्त अरब अमिरातीतही भेटतो. लांब पिन आत जाताना खालच्या दोन भोकांवरची झाकणं उघडते. लोक पेनाचं टोपण किंवा काडी अर्थच्या भोकात घालून झाकण उघडतात आणि दोन गोल पिना ढकलतात. हे कृपा करून कधीच करू नका. त्या पिनांसाठी ती भोकं बनलेली नाहीत, पकड सैल राहते, आणि मधला फ्यूज टाळला जातो. हा फ्यूज शोभेचा नाही. ब्रिटनमध्ये घरातल्या सॉकेटांचं वायरिंग बहुधा ३२ अँपिअरच्या गोल सर्किटवर असतं, म्हणजे तुमच्या बारीक वायरीतून तिला झेपेल त्याहून जास्त प्रवाह गेला तरी भिंतीतला ब्रेकर ३२ अँपिअरपर्यंत स्वस्थ बसू शकतो. वायरीचं रक्षण प्लगमधल्या ३ किंवा १३ अँपिअरच्या फ्यूजनेच करायचं असतं. म्हणून ब्रिटनसाठीचा अडॅप्टर घेताना त्यात फ्यूज आहे याची खात्री करा. ब्रिटनमध्ये ट्रॅव्हल अडॅप्टरसाठी बीएस ८५४६ नावाचं स्वतंत्र मानक आहे. वस्तूवर ते छापलेलं असेल तर चांगली खूण समजा. एक छोटी गोष्ट: तिथल्या बहुतेक सॉकेटांना खटका असतो. रात्री फोन लावून झोपायचं आणि सकाळी बॅटरी रिकामी, याचं कारण बहुधा तो बंद खटका.

स्वित्झर्लंड युरोपात असलं तरी त्याचं सॉकेट शेजाऱ्यांसारखं नाही. टाइप जे, षटकोनी खोबणीत तीन बारीक भोकं. जर्मनी किंवा ऑस्ट्रियासाठी घेतलेला गोल, जाड 'शुको' प्लग त्यात शिरत नाही. दोन बारीक पिनांचा चपटा युरोप्लग मात्र बसतो, आणि तो युरोपभर जवळपास सगळीकडे चालतो, फक्त ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडून. त्याची मर्यादा २.५ अँपिअर आणि त्याला अर्थ नसतो. फोन, कॅमेरा, टॅब्लेट यांच्यासाठी एवढं पुरेसं आहे. खोबणीची गोष्ट लक्षात ठेवा, कारण युनिव्हर्सल ठोकळे नेमके इथे अडतात: ठोकळ्याचं अंग रुंद असतं, खोबणी खोल असते, पिना टेकतात पण पूर्ण आत जात नाहीत. जर्मनी, फ्रान्समधल्या गोल खोलगट सॉकेटांतही हाच त्रास.

जपानमध्ये टाइप ए: दोन चपट्या पट्ट्या. अमेरिकेतही त्याच, म्हणून लोक अमेरिकेचा अडॅप्टर घेऊन जातात आणि तिथे फसतात. अमेरिकेच्या अनेक प्लगांत एक पट्टी दुसरीपेक्षा रुंद असते, किंवा खाली तिसरी गोल अर्थपिन असते. जपानमधल्या खोल्यांत बहुतेक ठिकाणी दोन सारख्या अरुंद फटीच असतात. रुंद पट्टी शिरत नाही आणि तिसऱ्या पिनेला जागाच नसते. तेव्हा दोन सारख्या पट्ट्यांचा, अर्थपिन नसलेला अडॅप्टर घ्या. जपानच्या पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ वीज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकन जनित्रं घेतली आणि ती फूट आजही कायम आहे. चार्जरला त्याचं काही देणंघेणं नाही.

आता ज्या दोन गोष्टींकडे सर्वांत कमी लक्ष जातं त्या: पकड आणि अर्थ.

पकड सैल असली की पिन आणि आतली पितळी पट्टी यांचा स्पर्श एखाद्या टोकापुरता होतो. प्रवाह त्या टोकातून जाताना ते तापतं, तापलं की पट्टीचा ताण कमी होतो, ताण कमी झाला की स्पर्श आणखी बिघडतो. प्लॅस्टिक आधी पिवळं, मग तपकिरी होतं. दहा प्रकारच्या पिना स्वीकारणाऱ्या युनिव्हर्सल सॉकेटचा मूळ दोष हाच आहे. युरोप्लगची पिन ४ मिलिमीटरची, आपल्याकडच्या टाइप डी ची सुमारे ५, टाइप जी ची चौकोनी, टाइप ए ची चपटी. एकाच पट्टीने या सगळ्यांना घट्ट धरणं अवघड आहे. त्यात ठोकळा जड, वर चार्जर जड, आणि सगळा भार भिंतीबाहेर लोंबकळतो. जपान-अमेरिकेच्या चपट्या पट्ट्यांवर तर तो झुकतोच. उपाय सोपा आहे: भिंतीत फक्त हलका अडॅप्टर, त्यात एक मीटरची वायर, आणि चार्जर टेबलावर किंवा जमिनीवर.

याहून चांगला उपाय म्हणजे अडॅप्टर काढूनच टाकणं. लॅपटॉपच्या चार्जरला जिथे भिंतीकडची वायर जोडली जाते तिथे बघा. ती वायर सुटी होत असेल तर तिचं टोक जगभर सारख्याच आकाराचं असतं: इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, तीन पाकळ्यांसारखं, किंवा संगणकाच्या वायरीसारखं मोठं. त्या टोकाची आणि दुसरीकडे ब्रिटनचा किंवा स्वित्झर्लंडचा प्लग असलेली वायर विकत मिळते. तिला देशाचा खरा प्लग असतो, तो त्या सॉकेटमध्ये पूर्ण आत बसतो, ब्रिटनच्या प्लगमध्ये फ्यूज असतो, तीन पाकळ्यांच्या वायरीत अर्थही जोडलेला असतो. मधे सैल सांधा उरत नाही. सीपॅपसाठी मी हेच सुचवेन, कारण ते रात्रभर, झोपलेल्या माणसाच्या उशाशी चालतं. बहुतेक सीपॅपच्या पॉवर सप्लायची वायर अशीच सुटी होते आणि त्याच्यावर १००-२४० लिहिलेलं असतं. तुमच्याकडे असलेल्या मशीनवर ते स्वतः वाचून खात्री करा. मशीन आणि त्याची वायर हातसामानात ठेवा, बॅग चुकली तरी वडिलांची रात्र चुकू नये.

अर्थचं तसंच. चार्जरवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थ नसला तरी चालतं. खूण नसेल आणि प्लगला तिसरी पिन असेल तर ती पिन कामाची आहे. धातूच्या लॅपटॉपवर मनगट ठेवलं की झिणझिण्या येतात, हा अनुभव अनेकांना परदेशातच येतो. चार्जरमध्ये रेडिओ-गोंगाट दाबण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून अतिसूक्ष्म प्रवाह बाहेरच्या बाजूला झिरपतो. अर्थ असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या अंगातून वाट शोधतो. चांगल्या चार्जरमध्ये हा प्रवाह धोक्याच्या मर्यादेच्या बराच खाली असतो. पण अडॅप्टरने अर्थ तोडला आणि आत खरा बिघाड झाला, तर तुम्हाला वाचवणारी वाटही तुटलेली असते.

अनेक युनिव्हर्सल ठोकळ्यांत तीन पिनांचा प्लग शिरतो, पण अर्थ पलीकडे जोडलेलाच नसतो. टाइप जी च्या बाजूची लांब पिन नुसत्या प्लॅस्टिकची, झाकणं उघडण्यापुरती असते. ओळखायचं कसं? पिन धातूची आहे का पाहा. घरी मल्टीमीटर असेल तर अडॅप्टर भिंतीबाहेर काढलेला असताना 'बीप'वर ठेवून एक टोक अर्थच्या भोकात आणि दुसरं अर्थच्या पिनेला लावा. वाजला तर जोडलेला आहे. मी कोणताही अडॅप्टर हाती आला की आधी हेच करतो.

युनिव्हर्सल ठोकळा घ्यायचाच असेल तर आणखी तीन गोष्टी तपासा. एका वेळी एकाच देशाच्या पिना बाहेर येतात का? दोन संच एकदम बाहेर येत असतील तर उघड्या पिनांत वीज खेळत असते. असा ठोकळा दुकानातच परत ठेवा. पिना बाहेर काढल्यावर कुलूप बसल्यासारख्या पक्क्या राहतात का, की भिंतीत ढकलताना मागे सरकतात? आणि तुमच्या प्लगची फक्त एक पिन आत घालून दुसरी बाहेर ठेवता येते का? येत असेल तर ती बाहेरची पिन जिवंत होऊ शकते, लहान मूल सोबत असेल तर तो ठोकळा नकोच. नावाजलेल्या कंपन्यांचंही चुकतं: ॲपलने २०१६ साली २००३ ते २०१५ या काळात दिलेले दोन पिनांचे काही वॉल प्लग परत मागवले, कारण ते तुटून विजेचा धक्का बसू शकत होता. म्हणून नाव बघून थांबू नका, वस्तू हातात घेऊन बघा.

ठोकळ्यातच यूएसबीची भोकं असतील तर? माझ्या मते स्वस्त ठोकळ्यात ती नसलेली बरी. भिंतीकडची वीज आणि फोनकडची वीज यांच्यात सर्किटवर काही मिलिमीटरचं अंतर आणि नीट बांधलेला ट्रान्सफॉर्मर लागतो. सरकत्या पिना, फ्यूज आणि चार्जर हे सगळं एका मुठीत कोंबताना पहिली काटछाट तिथेच होते. चार्जर वेगळा आणि चांगला घ्या.

तो कोणता? तुमच्या लॅपटॉपला किती वॉट लागतात ते त्याच्या चार्जरवर बघा. ६५ वॉटमध्ये भागत असेल आणि लॅपटॉप यूएसबी-सी वर चार्ज होत असेल, तर दोन-तीन पोर्टांचा ६५ ते १०० वॉटचा 'पॉवर डिलिव्हरी' चार्जर सगळ्यांची सोय करतो. गॅलियम नायट्राइड वापरलेले चार्जर आकाराने लहान असतात. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन आणि कॅमेऱ्यांना, आणि २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपनाही यूएसबी-सी बंधनकारक आहे, तेव्हा या एका भोकावर पैसे टाकणं योग्यच. दोन बारकावे. छापलेले ६५ वॉट एका पोर्टचे असतात. दुसरा फोन लावला की ४५ आणि २० अशी वाटणी होते, आणि लावताना काही चार्जर क्षणभर सगळीकडचा पुरवठा तोडून नव्याने ठरवतात. दुसरं, साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॉटपर्यंतच. त्यापुढे ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. चार्जर मोठा आणून लॅपटॉप हळूच भरत असेल तर केबलकडे बघा.

सगळ्यांची बेरीज करू: लॅपटॉप ६५, दोन फोन मिळून ५०, कॅमेरा १०, सीपॅप ९०. सव्वादोनशे वॉटच्या आत. २३० व्होल्टवर एक अँपिअर, जपानमध्ये १०० व्होल्टवर तोटा धरून अडीच. म्हणजे एका अडॅप्टरवर तीन-चार भोकांची घरची पट्टी लावून हे सगळं चालवता येतं, फक्त पट्टी साधी असावी. १२० व्होल्टच्या देशातली सर्ज-प्रोटेक्टर (व्होल्टेजची अचानक उसळी रोखणारा भाग) असलेली पट्टी २३० ला लावू नका, आतले घटक फुटतात. आणि पट्टीवर किटली लावायची नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पॉवर बँक नेणार असाल तर ती हातसामानातच. १०० वॉट-तासांपर्यंत साधारणपणे चालते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० मिलिअँपिअर-तासांची बँक ३.७ व्होल्टने गुणली की ७४ वॉट-तास होते. विमानात ती वापरण्याबद्दल कंपन्यांचे नियम अलीकडे कडक झाले आहेत, तिकिटासोबतची सूचना वाचा.

हॉटेलात कार्ड खाचेतून काढलं की अनेक खोल्यांतली सॉकेटंही मरतात. बाहेर जाताना कॅमेरा चार्जिंगला लावून जायचा असेल तर फ्रिजचं किंवा टेबलामागचं सॉकेट चालू राहतं का ते पाहून घ्या. न्हाणीघरात 'शेव्हर' लिहिलेल्या सॉकेटमागे अगदी छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तिथे लॅपटॉप लावू नका. निघण्यापूर्वी घरी सगळं सामान एकदा जोडून तासभर चालवा आणि प्रत्येक सांध्याला हात लावा. चार्जर कोमट होणारच. पिनांच्या जागी अडॅप्टर गरम लागला किंवा प्लॅस्टिकचा वास आला, तर तो अडॅप्टर बाद करा आणि दुसरा घ्या. आणि परदेशात पोहोचल्यावर काही विसरल्याचं लक्षात आलं, तर आधी रिसेप्शनवर विचारा. आधीच्या पाहुण्यांनी विसरलेले अडॅप्टर आणि चार्जर तिथे पुष्कळदा पडून असतात.